गाडीला सायकल लावून निघालात? कायद्याच्या नजरेत ती ‘माल’ की ‘बदल’?

रविवारी पहाटे पुणे किंवा मुंबईतून बाहेर पडणाऱ्या हायवेवर एखादी तरी गाडी हमखास दिसते. डिकीवर पट्ट्यांनी आवळलेल्या दोन सायकली, आत हेल्मेट घातलेले दोन-तीन उत्साही चेहरे. शहरातल्या ट्रॅफिकमधून सायकल मारत जायचं नाही, ती गाडीवर लादायची आणि मोकळ्या रस्त्यावर उतरवायची. कल्पना उत्तम आहे. कॅरिअर ऑनलाइन मागवता येतं, अर्ध्या तासात बसतं आणि त्यासाठी आरटीओत जावं लागत नाही.

आता त्या गाडीच्या मागे या. नंबरप्लेट दिसते? डावा ब्रेक लाइट दिसतो? सायकलचं पुढचं चाक गाडीच्या बाजूनं किती बाहेर आलंय? या तीन प्रश्नांची उत्तरं ‘नाही, अर्धवट, बरंच’ अशी असतील, तर ही गाडी एकाच वेळी दोन-तीन नियम मोडत असू शकते. त्यातल्या एका कलमाचा दंड आहे थेट २० हजार रुपये.

सायकल कॅरिअर बेकायदा आहे का?

‘सायकल कॅरिअर लावू नये’ असं मोटार वाहन कायदा, १९८८ म्हणत नाही. पण ‘लावा’ असंही म्हणत नाही. खासगी गाडीवर सायकल नेण्यासाठी वेगळा नियम नसल्यानं दुसऱ्याच गोष्टींसाठी लिहिलेले नियम इथे लावावे लागतात. आणि खरी गंमत इथेच सुरू होते.

कॅरिअर हा गाडीचा भाग मानला, तर कलम ५२ समोर येतं. नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, असं हे कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात याच कलमावर बोट ठेवलं आणि उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाड्यांच्या पुढच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं, तेही याच कलमाच्या आधारे. नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२ए(४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण कलम ५२ मध्येच ‘बदल’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल, म्हणजे ‘बदल’. पट्ट्यांनी बांधलेलं आणि संध्याकाळी घरी येऊन काढून ठेवलेलं कॅरिअर या व्याख्येत बसवणं अवघड आहे. टपाला भोकं पाडून किंवा मागे वेल्डिंग करून कायमचा सांगाडा बसवला, तर मात्र हा बचाव ढिला पडतो.

मग कॅरिअर बाजूला ठेवू आणि सायकलला ‘माल’ म्हणू. इथे दुसरी अडचण येते.

२० हजारांचं कलम नेमकं काय आहे?

ट्रकच्या मागे लोंबणाऱ्या लोखंडी सळया आठवतात? अंधारात त्या न दिसल्यानं मागून येणाऱ्यांचे जीव जायचे. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ मध्ये गाडीतला माल बाजूनं, पुढून किंवा मागून बाहेर येता कामा नये, अशी तरतूद आहे. पूर्वी मालवाहू गाड्यांना मागे एक मीटरपर्यंत सवलत होती. २०१४ मध्ये तीही काढून टाकली गेली.

२०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम १९४(१ए) आलं. बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर माल असलेली गाडी चालवली, तर २० हजार रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. माल नीट लावल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, हेही त्यातच आहे.

हे कलम ओव्हरलोड ट्रकच्या संदर्भातलं वाटतं, पण त्यात शब्द आहे ‘मोटार वाहन’. खासगी गाडीला त्यात सूट नाही. शब्दशः अर्थ लावला, तर डिकीवर टांगलेली प्रत्येक सायकल ‘मागून बाहेर आलेला माल’ ठरू शकते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हे कलम चालवणाऱ्यापुरतं मर्यादित नाही, गाडी तशी चालवू देणाऱ्यालाही लागू होतं. मित्राला वीकेंडसाठी गाडी दिली आणि त्यानं मागे तीन सायकली टांगल्या, तर प्रश्न तुमच्याही दारात येऊ शकतो. भाड्याच्या कॅबमध्ये ‘दादा, मागे सायकल बांधू का?’ असं विचारताना आपण त्या ड्रायव्हरच्या गळ्यात काय बांधतोय, तेही ध्यानात ठेवा.

थोडक्यात, कॅरिअर गाडीचा भाग म्हणावा तर कलम ५२ आणि सायकल माल म्हणावी तर कलम १९४(१ए). कुठलं कलम लावायचं आणि लावायचं की नाही, हे रस्त्यावर उभा असलेला अधिकारी ठरवणार.

बाजूनं किती बाहेर येते?

घरचा टेप घ्या आणि मोजा. साध्या सायकलची लांबी १.७ ते १.८ मीटरच्या आसपास असते, मोठ्या चाकांच्या एमटीबीची थोडी जास्तच. मारुती स्विफ्टची रुंदी आहे १.७३५ मीटर, अल्टो के१० ची १.४९ मीटर. म्हणजे स्विफ्टच्या मागे आडवी लावलेली सायकल जेमतेम बसते किंवा थोडी बाहेर येते. अल्टोच्या मागे ती दोन्ही बाजूंनी मिळून वीत-दीड वीत बाहेर येणारच.

ही वीतभर जागा म्हणजे डावीकडून निघणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याची जागा. तो तुमच्या गाडीची रुंदी बघून अंदाज बांधतो, तुमच्या सायकलच्या चाकाची नाही. उपाय सोपा आहे. पुढचं चाक काढा आणि गाडीत ठेवा. अनेक नव्या सायकलींना त्यासाठी पानाही लागत नाही.

नंबरप्लेट झाकली तर?

इथे संदिग्धता जवळपास नाही. नोंदणी क्रमांक ठरलेल्या पद्धतीनं दिसला पाहिजे, हे कलम ३९ सांगतं. प्लेट पुढे आणि मागे कशी लावायची, ते नियम ५० मध्ये आहे. झाकलेल्या प्लेटसाठी कलम १७७ लावलं, तर पहिल्या वेळी ५०० रुपये. कलम ३९ चं उल्लंघन मानून कलम १९२ लावलं, तर २ ते ५ हजार.

‘मग खाली एक जादा प्लेट रंगवून घेतो’ हा उपाय अनेकांना सुचतो. पण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बंधनकारक आहे. त्यावर लेझरनं कोरलेला कोड असतो आणि ती एकदा काढली की पुन्हा बसत नाही. कॅरिअरसाठी तिसऱ्या प्लेटची सोय या पद्धतीत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातली प्लेट लोकांना नंबर सांगेल, पण मूळ प्लेट झाकल्याची भरपाई करणार नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरेच आहेत. प्लेट झाकलेली गाडी पाहिली, तर ती चुकून झाकली गेली की मुद्दाम, हे कॅमेऱ्याला कळत नाही. पोलिसाला तरी का कळावं?

दिव्यांचंही तसंच. रात्री मागे लाल दिवा आणि प्लेटवर पांढरा उजेड हवा, असं नियम १०५ सांगतो. सायकलच्या फ्रेमआड टेल लॅम्प आणि इंडिकेटर गेले, की मागच्याला तुम्ही ब्रेक मारलाय की वळताय, हे उशिरा कळतं. घाटात, पावसात हा उशीर महागात पडतो.

टपावर लावणं जास्त बरं का?

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर हो. टपावर उभी केलेली सायकल प्लेट झाकत नाही, दिवे झाकत नाही, बाजूनं किंवा मागून बाहेर येत नाही. पण तिथे वेगळं गणित आहे.

पहिलं वजनाचं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावर किती भार चालतो, ते दिलेलं असतं. अनेक गाड्यांत तो ५० ते ७५ किलोच्या आसपास असतो. त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं. दोन सायकली ३० किलो, रॉड आणि कॅरिअर १५ किलो, म्हणजे ४५ किलो झालेच.

दुसरं वाऱ्याचं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ५० च्या वेगाला घट्ट वाटणारा पट्टा १०० ला तसाच राहील, याची खात्री नाही. द्रुतगती मार्गावर सपाट भागात १०० ची आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. पण ती मोकळ्या गाडीसाठी आहे, टपावर सायकली असताना तो आकडा गाठायलाच हवा असं नाही.

तिसरं विसरण्याचं. दीड मीटर उंचीच्या गाडीवर एक मीटरहून उंच सायकल म्हणजे अडीच मीटरच्या वर. दिवसभर दमून मॉलच्या किंवा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शिरताना ती वर आहे, हे आठवत नाही. स्टिअरिंगजवळ ‘वर सायकल’ अशी चिठ्ठी चिकटवा. हसू येईल, पण टप वाचेल.

सायकल पडून कुणाला लागलं तर?

इथे प्रकरण दंडाच्या पावतीपुरतं राहत नाही. निष्काळजीपणानं कुणाला दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, मृत्यू झाला तर कलम १०६(१), ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘पट्टा सुटला, माझा काय दोष?’ हा युक्तिवाद कितपत टिकेल, ते पट्टा कसा बांधला होता आणि वाटेत तपासला होता का, यावर ठरेल.

मागून येणारा माणूस बहुतेक वेळा दुचाकीवर असतो, हेही विसरू नका. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते. हायवेवर पडलेली १५ किलोची सायकल कारवाल्यासाठी बंपरचा खर्च असेल, बाइकवाल्यासाठी नाही.

विम्याचं काय? थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यात इतरांच्या दुखापतीला किंवा मृत्यूला भरपाईची रकमेची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला कारसाठी साडेसात लाखांची आहे. पण तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा करताना ‘कॅरिअर लावल्याचं कळवलं होतं का?’ हा प्रश्न येऊ शकतो. कॅरिअर कायम ठेवणार असाल तर विमा कंपनीला ईमेलनं कळवा आणि उत्तर जपून ठेवा. आणि हो, कॅरिअरवरची लाखाची सायकल सहसा कारच्या पॉलिसीत येत नाही.

बाहेरच्या देशांत काय करतात?

ब्रिटनमध्ये प्लेट झाकली गेली तर कॅरिअरवर त्याच क्रमांकाची दुसरी प्लेट लावावी लागते, नाहीतर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीतही कॅरिअरसाठी त्याच क्रमांकाची जादा प्लेट लावतात आणि झाकलेल्या दिव्यांऐवजी कॅरिअरलाच दिवे असतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तर सायकल कॅरिअरसाठी अधिकृत जादा प्लेट सरकारकडूनच मिळते. तिथे नियम कडक आहेत, पण नियम पाळायचा रस्ताही दिलेला आहे.

आपल्याकडे तोच रस्ता नाही. कॅरिअर खुलेआम विकलं जातं. विकणाऱ्यावर ‘यानं प्लेट झाकली जाईल’ असं सांगायची सक्ती नाही. जबाबदारी सगळी चालवणाऱ्याची. किती सेंटिमीटर बाहेर चालेल, कॅरिअरवर दिवे कधी हवेत, जादा हाय सिक्युरिटी प्लेट कुठे मिळेल, या तीन ओळींची अधिसूचना निघाली, तर पोलीस आणि सायकलवाले दोघांचाही वाद मिटेल. सायकल चालवा म्हणणाऱ्या सरकारसाठी हे फार मोठं काम नाही.

तोवर, निघण्यापूर्वी पाच मिनिटं

• शक्य असेल तर सायकल गाडीच्या आत. मागची सीट दुमडून, चाक काढून एक सायकल बहुतेक हॅचबॅकमध्ये मावते. यात कुठलंच कलम लागत नाही.

• कॅरिअर लावलंच तर दहा पावलं मागे जाऊन बघा. नंबर वाचता येतो का, दोन्ही टेल लॅम्प आणि इंडिकेटर दिसतात का? आतल्या व्यक्तीला ब्रेक दाबायला सांगून खात्री करा.

• चाक किंवा हँडल गाडीच्या बाजूला येत असेल तर काढा किंवा वळवा. टायर सायलेन्सरच्या तोंडाशी नको, गरम धुरानं खराब होतो.

• पट्टे प्लास्टिकच्या स्पॉयलरवर अडकवू नका. कॅरिअरच्या पट्ट्यांव्यतिरिक्त एक वेगळी दोरी सायकल आणि गाडी यांच्यात बांधा.

• पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबा आणि पुन्हा आवळा. नंतर प्रत्येक चहाला एकदा. दोन स्पीडब्रेकर आणि चार खड्डे कुठलाही पट्टा सैल करतात.

• काम झालं की कॅरिअर काढून ठेवा. रिकामं कॅरिअरही प्लेट झाकू शकतं.

पोलीस अडवतील की नाही, हा नशिबाचा भाग. मागून येणाऱ्याला तुमचा नंबर, तुमचा दिवा आणि तुमची रुंदी दिसेल की नाही, हा मात्र पूर्णपणे तुमच्या हातातला भाग आहे.