‘सर्व्हर डाऊन’ हे कायद्यातले उत्तर नव्हे

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातला माणूस मजुरी बुडवून सेवा केंद्रावर जातो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे ऐकून परततो. हा सर्व्हर म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा समजून घेतले पाहिजे.

राज्याचे डेटा सेंटर मुंबईत आहे. अशा ठिकाणी एका ताकदवान सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या आधारे अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा चालतो. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अशा यंत्रांचा एकाच संस्थेसाठी राखलेला साठा म्हणजे प्रायव्हेट क्लाऊड. कुणाला किती मेमरी द्यायची, हे माणसेच ठरवतात. कुवतीपेक्षा जास्त यंत्रे कोंबली की सगळीच रखडतात. कधी दोष गावाकडच्या तुटलेल्या लाइनचा असतो, पण खापर सर्व्हरवर फुटते.

एक सर्व्हर बंद पडला तर त्यावरचे व्हर्च्युअल मशीन दुसऱ्यावर सुरू करता येते. परंतु माहितीचा साठाच जळाला तर? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, कागदी फायली जळाल्या आणि संगणकीकरणाचा धडा मिळाला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय प्रणाली थांबल्या. कर्मचाऱ्यांच्या कामकाजाचा ८५८ टेराबाइट साठा गेला, कारण त्याची प्रत बाहेर कुठेही नव्हती. साठा त्याच जागी असेल तर शंभर प्रतीही एकाच आगीत जातात.

आमच्या जिल्ह्यांत हा प्रश्न जमिनीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बिगरआदिवासी वननिवासींना, म्हणजे दलित-बौद्धांनाही, १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा वास सिद्ध करायला लावला. हा वास दाखवायला जुन्या नोंदींचा मोठा आधार असतो. नोंद हरवली तर दावा लंगडा पडतो. शिवाय संगणकातील नोंदीची छापील प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही तीच अट आहे. एटापल्लीच्या शेतकऱ्याने मुंबईतल्या कोणत्या अधिकाऱ्याची सही आणायची?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत आहे, अपील आहे. तेव्हा सर्व्हर बंद असेल तर तारीख-वेळेसह तसे लेखी द्या. नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती परत उभी करण्याची चाचणी शेवटची कधी झाली, हे जाहीर करा. वनहक्काच्या नोंदींचा सही-शिक्क्याचा कागदी संच प्रत्येक ग्रामसभेला द्या. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटला आहे. अशा वेळी गावात असलेला कागदच कामी येतो.

कार्यकर्त्यांनो, माहिती अधिकाराचा एक अर्ज या प्रश्नांवर टाका. आपली नोंद कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारणे हाही हक्काच्याच लढ्याचा भाग आहे.