काडतूस बदलण्यापूर्वी

धारूरच्या किल्ल्याचे बुरूज बालाघाटाच्या डोंगरावर आजही उभे आहेत. १६३१ साली आझमखानाच्या मोगल फौजेने हा किल्ला निजामशाहीकडून जिंकला, तेव्हा सारे दख्खन भीषण दुष्काळात होरपळत होते. तटाची उंची आणि तोफांचा पल्ला यांची चर्चा त्या काळी दरबारात होई. रसद मात्र रयतेच्या घरातून निघे. आज त्याच धारूर तालुक्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि त्यांची मुले पहाटे रस्त्यावर धावून सैन्यभरतीची तयारी करतात. सैन्याच्या रायफलीत कोणते काडतूस असावे, हा वाद म्हणूनच केवळ सेनापतींचा आणि कारखानदारांचा नाही. ते काडतूस अंगावर वाहून नेणारा जवान कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून येतो.

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने ६.८ मिलिमीटरचे नवे काडतूस आणि ते झाडणारी नवी रायफल निवडली. आजची चिलखते जुन्या ५.५६ मिलिमीटर गोळीला लांब अंतरावर दाद देत नाहीत, हे त्यामागचे मुख्य कारण होते. श्रीमंत राष्ट्राने हत्यार बदलले की इतर राष्ट्रांच्या लष्करी वर्तुळांत त्याची मागणी सुरू होते, हा नित्याचा अनुभव आहे. भारतापुढेही हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच.

नव्या काडतुसाच्या बाजूचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिमालयाच्या सीमेवर अंतरे लांबची असतात आणि प्रतिपक्षाचा सैनिक चिलखत घालून उभा राहू शकतो. जवानाच्या हाती निकामी हत्यार देऊन काटकसर करणे हा त्याच्या जिवाशी खेळ ठरेल. १९६२ साली थ्री-नॉट-थ्री रायफलीचा खटका प्रत्येक गोळीमागे हाताने ओढत भारतीय जवान स्वयंभरण रायफलींना सामोरे गेले. ती चूक पुन्हा होता कामा नये.

परंतु काडतुसाला वजन असते. ५.५६ चे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचे, तर ७.६२ x ५१ चे सुमारे २४ ग्रॅमचे भरते. अमेरिकेचे नवे काडतूस या दुसऱ्याच्याच जवळ जाते. जुन्या रायफलीच्या ७ मॅगझिनांत प्रत्येकी ३० प्रमाणे २१० गोळ्या मावत. नव्या रायफलीच्या मॅगझिनमध्ये २० च मावतात, म्हणजे ७ मॅगझिनांत १४०. खुद्द अमेरिकी सैन्यातील एका अधिकाऱ्याने २०२५ मध्ये या घटीवर जाहीर टीका केली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला ओझ्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तो मुख्यालयात बसणाऱ्यांना समजावा लागतो.

इतिहासाची साक्षही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५१ साली ब्रिटनमधील ॲटली यांच्या मजूर सरकारने ७ मिलिमीटरचे मध्यम शक्तीचे काडतूस स्वीकारल्याचे जाहीर केले होते. अमेरिकेचा आग्रह अधिक जड काडतुसाचा होता. चर्चिल सत्तेवर येताच ब्रिटनने माघार घेतली आणि ७.६२ x ५१ हे साऱ्या नाटो गटाचे काडतूस ठरले. पुढे व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनेच ते बाजूला सारून ५.५६ उचलले. त्याच युद्धात काडतुसातील दारूचा प्रकार बदलल्याने रायफली अडकू लागल्या, तेव्हा १९६७ साली अमेरिकी संसदेच्या इचॉर्ड उपसमितीने चौकशी करून लष्करी प्रशासनावर ठपका ठेवला. काडतुसाचा विषय लोकप्रतिनिधींच्या कक्षेबाहेरचा नसतो, एवढा धडा तरी त्यातून घ्यायला हरकत नाही.

भारतात काय घडले? १९६२ नंतर इशापूर येथे ७.६२ ची रायफल तयार होऊ लागली. मग पुण्याच्या शस्त्र संशोधन संस्थेने ५.५६ ची इन्सास घडवली. १९९९ च्या कारगिल युद्धात थंडीमुळे तिची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. २०११ मध्ये दोन काडतुसे झाडू शकणाऱ्या ६६,००० विदेशी रायफलींची निविदा निघाली आणि २०१५ मध्ये ती रद्द झाली. त्यानंतर पुन्हा ७.६२ x ५१ कडे वळून २०१९ मध्ये ७२,४०० अमेरिकी रायफली घेतल्या गेल्या व २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३,००० चा करार झाला. दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरवा येथे ६,०१,४२७ रशियन बनावटीच्या रायफली तयार करण्याचा करार झाला. त्यांचे काडतूस ७.६२ x ३९, म्हणजे तिसरेच. तीन रायफली, तीन काडतुसे, आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही! दारूगोळ्याच्या साठ्यातील उणिवांवर महालेखापालांनी २०१५ व २०१७ मध्ये बोट ठेवले होते. अशा भांडारात चौथ्या काडतुसाची भर घालणे म्हणजे सज्जता नव्हे, गोंधळ होय.

या गोंधळाचा भार कामगारांवरही पडतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून, तर वरणगावचा १९६४ पासून देशाला काडतुसे पुरवत आला आहे. काडतूस बदलले की साचे, यंत्रे आणि हातांची सवय, सारेच बदलावे लागते. त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा सार्वजनिक कारखान्यांना मिळणार की नाही? १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने ४१ आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, आणि त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालणारा कायदा केला. २०२४ मध्ये कानपूरला अदानी समूहाचा वर्षाला १५ कोटी लहान काडतुसे बनवण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला. नव्या काडतुसाचे निमित्त करून जुने कारखाने कामाविना बसवायचे आणि मागणी खाजगी भांडवलाकडे वळवायची, असे होणार नाही याची हमी कोणी दिली आहे?

म्हणून भूमिका स्पष्ट असावी. नव्या काडतुसाला आंधळा विरोध नको; पण आधी असलेल्या तीन काडतुसांचा मेळ घातला जावा. सियाचीनच्या थंडीत, राजस्थानच्या वाळूत आणि ईशान्येच्या पावसात भारतीय जवानाच्या हातून चाचण्या व्हाव्यात. त्यांच्या निष्कर्षांचा गुप्ततेला बाध न आणणारा भाग संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे यावा, आणि उत्पादनाचा पहिला हक्क खडकी-वरणगावच्या कामगारांचा मानला जावा.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने भरती झालेल्या चौघांपैकी तिघांना चार वर्षांनी घरी पाठवण्याची तरतूद केली आहे. धारूरच्या ज्या मुलाला देश चार वर्षांपलीकडची शाश्वती देत नाही, त्याच्या पाठीवर कोणते ओझे द्यायचे हे तरी पूर्ण विचारांती ठरावे. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न तज्ज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. गावोगावच्या सभांत तो मांडावा, आणि खासदाराला त्याचे उत्तर विचारावे.