तंबूतला पाऊस

मुलांनो, पाऊस कुठून पडतो असं विचारलं, तर तुम्ही लगेच आभाळाकडे बोट दाखवाल. पण गेल्या वर्षी जुलैमध्ये आमच्या चौथीच्या वर्गात, छपराखाली, लागोपाठ चार रात्री पाऊस पडला. छप्पर गळत नव्हतं बरं का! आणि त्या पावसानं आमची ४१ रोपं मारली. त्याचीच ही गोष्ट. गोष्टीत एक चूक आहे. ती कोणाची, ते वाचता वाचता ओळखा.

झालं असं, की शाळेच्या बागेसाठी मिरचीची आणि टोमॅटोची रोपं आपणच तयार करायची असं वर्गानं ठरवलं. बाहेर वाफा केला, तर धो धो पावसात बी वाहून जातं. उरलंसुरलं कोंबड्या उकरतात. म्हणून आम्ही वर्गातच, पूर्वेच्या खिडकीपाशी, दोन जुनी बाकं जोडली. त्यांवर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा केला आणि पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवलं. लांबी १ मीटर, रुंदी १ मीटर, उंची १ मीटर. म्हणजे आतली हवा बरोबर एक घनमीटर. हे माप लक्षात ठेवा, पुढे गणितात लागणार आहे. आता शहरात असे तंबू तयार मिळतात. त्यांना चेन असते, आत दिवे आणि पंखा असतो. आमचा तंबू आपला कामट्यांचा.

वर्गात मुलं ३०. प्रत्येकाचे दोन कागदी कप. एका कपातलं रोप शाळेच्या बागेला, दुसरं घरी न्यायचं. एका मुलीनं तर आईला सांगूनही टाकलं होतं, “यंदा मिरची विकत आणायची नाही!”

तंबूची जबाबदारी आमच्या पाणीमंत्र्याकडे होती. मी फळ्यावर लिहून दिलं : ‘सकाळी फवारा. संध्याकाळी फवारा. तंबू घट्ट बंद.’ शिवाय एक वही दिली. रोज काय दिसलं ते त्यात लिहायचं आणि मला दाखवायचं. टोमॅटो आठवड्यात उगवले, मिरचीला दहा-बारा दिवस लागले. मधल्या सुट्टीत कोणी खेळायलाच जाईना. सगळे तंबूभोवती!

आणि मग तो सोमवार उजाडला. तंबू उघडला, तर रोपं आडवी पडलेली. वरची पानं हिरवीच होती, पण जमिनीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक झाला होता, सडला होता. मोजली. ४१ गेली, १९ उरली. शेतकरी याला ‘रोपं कोलमडणं’ म्हणतात. मातीतल्या बुरशीमुळे हा रोग होतो.

वर्गात एकच गलका झाला. “त्यानंच जास्त पाणी घातलं!” “मंत्री कसला, याला काढून टाका!” पाणीमंत्री काही बोलला नाही. मीही, खरं सांगते, त्याच्याकडे जरा रागानंच पाहिलं. मंगळवारी तो शाळेत आला नाही. पोटात दुखतंय, असा निरोप आला.

त्या दुपारी मी त्याची वही उघडली. बुधवारी लिहिलं होतं, ‘आत पाऊस पडला.’ गुरुवारी, ‘आत पाऊस पडला. कपांत पाणी.’ शुक्रवारी, ‘आज पण पाऊस. फवारा मारू का?’ शनिवारी, ‘पाऊस. फवारा मारला, फळ्यावर लिहिलं आहे म्हणून.’ आणि प्रत्येक नोंदीखाली लाल शाईत माझी बरोबरची खूण! मी खुणा करत गेले होते, वाचलं मात्र काहीच नव्हतं.

ओळखली ना चूक कोणाची? बुधवारी मी त्याच्या घरी निरोप पाठवला, की बाईंना तुझी मदत हवी आहे. तो आला. मी ती वही सगळ्या वर्गाला वाचून दाखवली आणि म्हटलं, “रोपं माझ्यामुळे गेली. यानं चार दिवस आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.” वर्ग चिडीचूप झाला. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, “पण बाई, प्लॅस्टिकच्या आत पाऊस पडतोच कसा?”

चला, आता तेच पाहू. हवेत वाफेच्या रूपात पाणी असतं. पण किती मावेल, हे तापमानावर ठरतं. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २४ अंशांना सुमारे २२ ग्रॅम, तर २० अंशांना १७. गरम हवा म्हणजे मोठा तांब्या आणि गार हवा म्हणजे छोटं फुलपात्र असं समजा. तांब्या किती भरलाय, ते शेकड्यात सांगितलं की झाली ‘सापेक्ष आर्द्रता’. ३० ग्रॅमच्या जागी १५ ग्रॅम असली, तर आर्द्रता ५० टक्के.

आता आमच्या तंबूचं गणित करा. दुपारी आत ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के. म्हणजे साडेपंचवीस ग्रॅम वाफ. रात्री पारा २४ वर उतरला. आता मावणार फक्त २२ ग्रॅम. उरलेली साडेतीन ग्रॅम कुठे जाणार? गार प्लॅस्टिकवर थेंब होऊन बसणार. “बाई, साडेतीन ग्रॅम म्हणजे चमचाभरसुद्धा नाही!” एकीनं बरोबर शंका काढली. पण कपांतली माती ओलीचिंब होती ना! थेंब बसले, की त्यांच्या जागी मातीतून नवी वाफ वर येते, तिचेही थेंब होतात. रात्रभर हाच खेळ. आणि आमच्या तंबूचं छत सपाट, त्यामुळे सगळे थेंब टपटप रोपांवर. बुरशीला आणखी काय हवं?

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पानांना बारीक बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी वाफ होऊन बाहेर जातं आणि त्या ओढीनं मुळांतलं पाणी वर चढतं. बाहेरची हवा वाफेनं काठोकाठ भरलेली असेल, तर ही ओढच मंदावते. रोप लांबुळकं, लुसलुशीत आणि नाजूक होतं. उलट हवा फार कोरडी असेल, तर पाणी भराभर उडून रोप माना टाकतं. विदर्भातल्या मे महिन्यात तंबूत ओलं गोणपाट टांगावं लागेल, आणि कोकणातल्या जुलैत तोच तंबू उघडावा लागेल. तंबू एकच, पण नियम जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतो.

मग बंद बाटलीत रोप जगतच नाही का? जगतं की! लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. १८२९च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत, झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. पतंग राहिला बाजूला, मातीतून नेच्याचं इवलं रोप आणि गवत उगवलं! बाहेर धुराच्या हवेत त्यांचे नेचे मरत होते, आत मात्र टवटवीत. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या बनवल्या. १८३३मध्ये अशा पेट्यांतून रोपं जहाजानं थेट ऑस्ट्रेलियाला गेली आणि जिवंत पोचली. पण नेचा हा मुळात दमट सावलीचा रहिवासी आणि त्या पेटीत रोज दोनदा फवारा मारणारं कोणी नव्हतं! आमची मिरची उन्हावाऱ्याची लेक.

आम्ही नव्यानं ६० कप भरले. फळ्यावरचे नियम पुसले आणि या वेळी वर्गानं मिळून लिहिले :

पाणी फक्त सकाळी आणि तेही मातीला, पानांना नाही. वरची माती सुकली असेल तरच. बी उगवेपर्यंत तंबू बंद. कोंब दिसले की रोज उघडायचा, आधी अर्धा तास, मग दोन तास, मग दिवसभर. छताला मधोमध उंच कणा, म्हणजे थेंब कडेनं ओघळतील. खाली एक खिडकी आणि वर एक खिडकी, कारण उबदार दमट हवा वरून निघून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. झड लागून बाहेरचीच हवा ओली असेल, तेव्हा थोडा वेळ पंखा.

शेवटचा नियम पाणीमंत्र्यानं सुचवला : ‘फळ्यावर काहीही लिहिलेलं असो, आधी तंबूत बघायचं.’

या खेपेला ६०पैकी ५२ रोपं जगली. प्रत्येकानं एक घरी नेलं, बाकीची बागेत लागली. उशीर झाला, पण दिवाळीनंतर शाळेच्या आमटीत आमचीच मिरची होती!

आता तुमची पाळी. हवेतली ओल मोजायचं साधन घरी करता येतं. प्रयोगशाळेतले लाल द्रवाचे दोन तापमापक घ्या. तापाचा घेऊ नका, पाऱ्याचा तर नकोच. दोन्ही शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला पातळ सुती चिंधी गुंडाळून ती पाण्यात भिजवा. पुठ्ठ्यानं दोन-तीन मिनिटं वारा घाला आणि दोन्ही आकडे वाचा. चिंधीतलं पाणी उडताना गारवा येतो, म्हणून ओला तापमापक कमी दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका फरक जास्त. कोरडा तापमापक २६ अंशांच्या आसपास असेल, तर फरक १ अंश म्हणजे आर्द्रता सुमारे ९२ टक्के, २ म्हणजे ८५, ३ म्हणजे ७८, ४ म्हणजे ७१. दोन्ही आकडे सारखेच आले, तर हवा काठोकाठ भरलेली! कोंब वर आले की ७० ते ७५ टक्के असली तर बरं.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंद करा. स्वयंपाकघरात, मोरीत आणि गच्चीवर वेगवेगळे आकडे येतील. ते का, याचा विचार करा. आकड्यांशेजारी एक ओळ जास्त लिहा : आज काय वेगळं दिसलं?

आणि आईबाबांनो, मुलांनी वही दाखवली, तर नुसती सही करू नका. ती ओळ वाचा. मीही आता वाचते.