कर्बाचा भाव कोण ठरवणार?



जिनिंगच्या दारात कापसाचा भाव व्यापारी ठरवतो, बाजार समितीत ज्वारीचाही तोच. आता तिसऱ्या मालाला गिऱ्हाईक आले आहे : जमिनीत मुरवलेला कर्ब.

कोळसा, तेल आणि वायू जाळून जग दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायू हवेत सोडते. धूर कमी केल्यावरही त्यातला काही परत खेचावाच लागेल. आइसलँडमध्ये २०२४ साली हे काम यंत्राने करणारा कारखाना सुरू झाला. पूर्ण क्षमता वर्षाला ३६,००० टन, म्हणजे जगाचा अर्ध्या मिनिटाचा धूर!

आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाने २०२२ साली टनामागे खर्चाचा अंदाज दिला. यंत्राने १०० ते ३०० डॉलर. दगडाची भुकटी शेतात पसरून ५० ते २००. काडीकचऱ्याचा कोळसा करून मातीत गाडून १० ते ३४५. सेंद्रिय कर्ब वाढवून फार तर १००. स्वस्त आकडे शेतातले आहेत, म्हणून कंपन्या बांधावर येत आहेत. त्या आकड्यांत आमची मजुरी किती धरली, हे आपण विचारले पाहिजे.

भुकटी आम्ल जमिनीत लवकर विरते. आमची काळी जमीन मुळात बेसाल्टचीच, वर चुनखडीची. तिथे काम हळू चालणार. पऱ्हाटीचा हिशेब मांडा. एकरी टनभर धरली तर चार एकरांत एक टन कोळसा, आणि त्यावर दोन-अडीच टन कर्बवायूची पावती. उपटणी, वाहतूक, भट्टी आणि चुलीला विकत घ्यावे लागणारे सरपण, हा सारा उत्पादन खर्च आहे. कडब्याला तर हात लावू देऊ नका. तो बैलाचा घास आहे. सेंद्रिय कर्ब वाढवणे रानाच्या हिताचेच, पण कोरडवाहू रानात तो उन्हाने आणि नांगरटीने पुन्हा उडतो. दुष्काळ पडला तर करार मोडल्याचा ठपका कोणावर?

जिल्हा बैठकीत तीन मागण्या ठरवू. भाव उत्पादन खर्चावर निघावा. कंपनी पुढे कितीला विकते, ते मराठी करारात लिहावे. दुष्काळाची जोखीम खरेदीदाराने घ्यावी. तोवर कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठाही नाही.

आणि धूर सोडणाऱ्यांनी आधी धूर कमी करावा. आमचे रान त्यांचा उकिरडा नव्हे.