होळी झाली, आता पानं जाळणं थांबवू या का?

होळी होऊन आठवडा झाला, तरी आमच्या भागात रोज सकाळी सातच्या सुमारास एक होळी पेटतेच. कधी रस्त्याच्या कडेला, कधी सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून, कधी मैदानाच्या कोपऱ्यात. झाडून गोळा केलेल्या पानांचा ढीग, त्यात दोन-चार वेफर्सची पाकिटं आणि वरून एक काडी. पुण्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. माघ संपत आला की पिंपळ, कडुनिंब, रेन ट्री, देशी बदाम अशी सगळी मंडळी पाळीपाळीने पानं टाकायला लागतात, आणि चैत्र सरेपर्यंत धूर काही थांबत नाही.

कुणाला हटकलं की ठरलेलं उत्तर मिळतं. "पालाच आहे हो, प्लास्टिक थोडंच जाळतोय? नैसर्गिक आहे."

नैसर्गिक तर तंबाखूचं पानही आहे. पानांचा ढीग भडकून जळत नाही, तो तासन्‌तास धुमसतो. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि फुफ्फुसात खोलवर जाणारे बारीक कण निघतात. हा धूर चिमणीतून वर जात नाही, तो पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत शिरतो. आमच्या शेजारच्या इमारतीत एका सहा वर्षांच्या मुलीला दमा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची आई सकाळी आधी गॅलरीत येऊन बघते की आज कुठे पेटलंय, आणि मग ठरवते की पोरीला शाळेत कुठल्या रस्त्याने न्यायचं. आपल्या गल्लीत एका आईला रोज हे करावं लागतं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे. "गावाकडे जाळतातच की." खरं आहे. माझं आजोळ रायगड जिल्ह्यातलं, त्यामुळे राब भाजणं मी लहानपणापासून पाहिलंय. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, टहाळ, पाला, गवत पसरून उन्हाळ्यात भाजायचं. त्याने तणाचं बी मरतं आणि राख तिथेच मातीला मिळते. त्यामागे काही हिशोब आहे. तरीही त्याला पर्याय शोधले गेलेच. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेच्या मातीत भाताच्या तुसाची राख मिसळतात, आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला न जाळता सरळ शेतात गाडतात. म्हणजे ज्यांना पाला जाळायचं खरोखर कारण होतं, त्यांनीही तो मातीत घालायचा रस्ता काढला. आपण फुटपाथवर पाला जाळून कुठलं पीक घेतो?

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड सांगितला. पण काडी लावणाऱ्या माणसाला धरून उपयोग नाही असं माझं मत आहे. झाडणाऱ्या मावशींच्या हातात एक खराटा आणि एक ढकलगाडी. पिंपळाची पानं गळायला लागली की सकाळी झाडलेला रस्ता दुपारी पुन्हा भरतो. एवढा पाला कुठे न्यायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि "अजून ढीग का उचलला नाही" म्हणून आरडाओरडा करणारे आपणच असतो.

बरं, आपल्या आवारातली झाडं कधी पानं टाकतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आमच्या मावशींना आहे. "निंब झाला की पिंपळ, मग बदाम," असं त्या बोटावर मोजून सांगतात. पाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पालवी खातो, पण ती फुटण्याआधी झाडाने जुनी पानं टाकलेली असतात आणि ती खराट्याखाली येतात मावशींच्या.

आता खरी गंमत. आमच्याच सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करतात, छान करतात. ओल्या कचऱ्याला वास येऊ नये म्हणून त्यात कोरडा, तपकिरी माल घालावा लागतो. त्यासाठी आम्ही काय करत होतो? कोकोपीटच्या विटा विकत आणत होतो. म्हणजे नारळाचा भुसा पैसे मोजून लांबून आणायचा आणि दारातला पाला जाळायचा! दर जूनमध्ये कुंड्यांसाठी लाल मातीची पोती येतात ती वेगळीच. ती माती कुणीतरी कुठली तरी टेकडी किंवा शेत खरवडूनच आणतो ना? इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि आपण ती पोत्याच्या भावाने घेतो.

चार वर्षांपूर्वी मी मीटिंगमध्ये हा विषय काढला. तासभर वाद झाला, त्यातला अर्धा पार्किंगवर. शेवटी एका जाळीची परवानगी मिळाली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली लोखंडी जाळी, तिचं तीन-साडेतीन फूट उंच गोल कडं करून झाडाखाली उभं केलं. त्यात पाला टाकायचा, पायाने दाबायचा, मधेमधे शेणाचं पाणी किंवा मूठभर जुनं खत टाकायचं आणि ओल ठेवायची. पिळलेल्या फडक्याइतकी ओल, जास्त नाही. महिन्यातून एकदा वरखाली करायचं. काठोकाठ भरलेली जाळी पंधरा दिवसांत निम्मी होते, म्हणून पाला मावत राहतो. रेन ट्रीची बारीक पानं लवकर कुजतात. बदाम, आंबा, फणस यांची जाड पानं चुरून टाकली नाहीत तर वर्षभर तशीच बसतात. मार्चमध्ये भरलेल्या जाळीतून दिवाळीच्या आसपास काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत निघतं. आता आमच्याकडे तीन जाळ्या आहेत आणि लाल मातीची पोती दोन वर्षांत आलेली नाहीत.

"साप येतील" ही शंका हमखास निघते. साप उंदरांमागे येतात आणि उंदीर अन्नामागे, म्हणून या जाळ्यांत खरकटं अजिबात टाकत नाही. डासांना साठलेलं पाणी लागतं, ओलसर पानांत ते होत नाहीत. आगीची भीती मात्र खरी आहे. उन्हाळ्यात ढीग कोरडा पडू द्यायचा नाही आणि सिगारेटवाल्यांना तिथून लांब ठेवायचं. आमचे वॉचमनकाका हे काम फार आवडीने करतात.

खत झालंच, पण मला स्वतःला जास्त आनंद सातभाईंचा झाला. एका कोपऱ्यात झाडांखालची पानं आम्ही झाडायचीच बंद केली, नुसती पसरू दिली. दुसऱ्या वर्षी तिथे सातभाईंचं टोळकं यायला लागलं. पानं उलटीपालटी करत किडे शोधतात आणि अखंड भांडतात. मागच्या महिन्यात भारद्वाजही दिसला. ज्या ज्येष्ठांनी मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त विरोध केला होता, तेच आता सकाळी नातवाला घेऊन तिथे उभे असतात आणि कुणी पानं झाडायला लागलं तर ओरडतात!

अर्थात, पानं पडू द्यायला खाली माती हवी. आपण बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवतो आणि मग झाड पडलं की पावसाला दोष देतो. या विषयावर वेगळं लिहीन, नाहीतर इथे भांडण लागेल.

तूर्त एवढंच. या रविवारी सकाळी आठ वाजता गेल्या वर्षीची राहिलेली एक जाळी उपसणार आहोत. वाळू चाळायची चाळण असेल तर घेऊन या, आमची फाटली आहे. खत पिशवीभर घरी न्या. तुमच्या सोसायटीत जाळी लावायची असेल तर कमिटीतल्या एकाला बरोबर आणा, शक्यतो जो नाही म्हणतोय त्यालाच.