कडेवर मूल, मागे उकिरडा

लोकसंख्येची बातमी आली की सोबतचा फोटो ठरलेला असतो. बुरख्यातली तरुण बाई, एक मूल कडेवर, एक बोटाला, मागे गोवंडीचा कचरा नाहीतर मालवणीची गटारं. खाली नाव नाही, वय नाही, फोटो काढताना तिला विचारलं होतं का, तेही नाही. बिचारी बाळाला डोस द्यायला निघालेली असेल. आपण देशाची समस्या झालो आहोत हे तिच्या गावीही नसतं.

आता आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये एका मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये २.३६. बातमीत ही घट छापतात आणि शेजारी तोच फोटो.

१५ ते १९ वयात आई झालेल्या किंवा गरोदर असलेल्या मुलींचं प्रमाण २०१९-२१ मध्ये देशात मुस्लिमांत ८.४ टक्के, हिंदूंत ६.५ टक्के होतं. फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. पण त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न होण्याचं प्रमाण परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता जुळवायला आणि मुलीला मागे एकटी कुणाकडे ठेवायचं या भीतीने लग्न उरकतात. तिथल्या आईच्या फोटोखाली 'गरिबी' लिहितात, आपल्या आईच्या फोटोखाली 'मजहब'. आमची तक्रार या दुटप्पीपणाबद्दल आहे.

फोटो वेगळाही निघू शकतो. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं कॅमेऱ्यात पकडणारे सुधारक ओलवे 'स्नेहा' संस्थेच्या 'देखा अनदेखा' उपक्रमात धारावीकरांना छायाचित्रण शिकवत होते. त्यातून २०१३ मध्ये धारावीतच प्रदर्शन भरलं. कॅमेरा वस्तीतल्या माणसाच्या हाती गेला. ब्रिटनमध्ये जेंडेला बेन्सन यांनी 'यंग मदरहुड'मध्ये कमी वयात आई झालेल्या स्त्रियांचे फोटो त्यांच्या मुलाखतींसह मांडले. चेहऱ्याबरोबर तिचं म्हणणं आलं की पाहणाऱ्याला दया दाखवून सुटता येत नाही.

आणि आपण? आपल्या मोहल्ल्यात सतराव्या वर्षी आई झालेली मुलगी दिसली की आपण 'बदनामी होईल' म्हणून पडदा ओढतो. तिचा दाखला शाळेतून कधी काढला, निकाहला कोण कोण हजर होतं, हे कुणी विचारत नाही. बाहेरचा कॅमेरा तिला तमाशा करतो, आपण तिला गायब करतो. यात तिची सोय कुठे आहे?

कुर्ला, जोगेश्वरी, घाटकोपरच्या मुलामुलींनो, फोन तुमच्या खिशात आहे. मात्र अठराखालच्या आईचा फोटो काढूच नका. पॉक्सोच्या कलम २३ नुसार पीडित मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही नेक असो. ज्या आज पंचविशीत-तिशीत आहेत, ज्यांची मुलं शाळेत जातात, त्यांच्याकडे जा. घरात, शिलाई मशीनवर, पालकसभेत, तिला हवं तिथे फोटो घ्या. ओळी तिच्या तोंडच्या असू द्या आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवा. नको म्हणाली तर तिच्यासमोरच डिलीट करा.