पहिलीतली दाढ

माझ्या पहिलीच्या वर्गात दात पडणं हा मोठा सोहळा असतो. ज्याचा पडला तो मुठीत धरून येतो आणि सगळा वर्ग त्याच्याभोवती जमतो. त्याच सुमारास तोंडात अगदी मागे जे घडतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते. ती कुठल्या पडलेल्या दाताच्या जागी येत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे हिरडीतून वर येते. म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. तुर्भे स्टोअरच्या वस्तीतल्या एका आईला मी मुलीच्या दाढेवरचा काळा खड्डा दाखवला, तर म्हणाली, "बाई, पडंल की ती." ती पडणार नाही. साठाव्या वर्षीही त्या मुलीला त्याच दाढेने भाकरी चावायची आहे.

दाढ पूर्ण वर यायला काही महिने जातात. तोवर ती शेजारणीपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्यावरून निघून जातो. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केस आत शिरत नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र शिरतं. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी आपल्या हाताने करावा, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घ्यावी, हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते. पण आईबाप दोघंही रात्री उशिरा घरी येतात, तिथे हे रोज कोण करणार?

त्या खाचा बुजवता येतात. दाढ स्वच्छ आणि कोरडी करून पातळ रेझिन सोडायचं, निळ्या प्रकाशाने घट्ट करायचं. सुई नाही, ड्रिल नाही. एका दाढेला काही मिनिटं. हे झालं नाही आणि कीड आत उतरली, तर रूट कॅनल आणि कॅप. तो खर्च झेपला नाही तर दाढ काढून टाकतात. दहा-बारा वर्षांच्या पोराची कायमची दाढ जावी, याचा मला संताप येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून मुलांचे दातही तपासले जातात. कीड दिसली की चिठ्ठी मिळते. ती घेऊन दवाखाना गाठायचा तर बापाचा रोज बुडतो, म्हणून चिठ्ठी दप्तरातच राहते. आणि हे कुठे, तर नेरुळला डी. वाय. पाटील व तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एमजीएम, अशी पाच दंत महाविद्यालयं असलेल्या पट्ट्यात! तिथली मुलंमुली वर्षभर इंटर्नशिप करतात. शिबिरं होतात, चांगलीच गोष्ट आहे, पण शिबिर एका दिवसात आटोपतं.

नवी मुंबई आणि पनवेल महापालिकांनी आपल्या शाळा या महाविद्यालयांना वाटून द्याव्यात. पहिलीत एकदा दाढा बुजवाव्यात, दुसरीत पुन्हा बघाव्यात. कारण सगळ्यांच्या दाढा एकाच वेळी येत नाहीत आणि लावलेलं रेझिन कधी कधी निघतं. नोंद प्रगतिपुस्तकात ठेवावी. शाळेत खोली आहे, पाणी आहे, वीज आहे. मुलांना रांगेने आणून खुर्चीत बसवायचं काम आम्ही शिक्षक करू.